तीन सायकली, एक पोरगी आणि मधले आठ दिवस

केस अशी आहे. तासगाव भागातली एक पोरगी, वय २०, घरी द्राक्षबाग, आणि ती ट्रॅक (व्हेलोड्रोमचा गोल ट्रॅक), रोड आणि एमटीबी (डोंगरातली माउंटन बाइक) तिन्हीकडं सायकल रेस मारते. नुसता भाग घेते असं नाही, तिन्हीकडं राज्यात पहिल्या चार-पाचात असते. एका खाजगी स्पॉन्सरकडून महिन्याचं मानधन आणि प्रवासखर्च मिळतो, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबानं ती प्रोफेशनलच झाली. नाव देत नाही, गावही देत नाही, घरच्यांना विचारूनच लिहितोय. मी सांगलीत पोरांच्या ट्रेनिंगचं प्लॅनिंग बघतो, तिचं कॅलेंडर माझ्याकडं असतं, आणि त्या सीझनला ते कॅलेंडर कसं अडकलं आणि आम्ही ते कसं सोडवलं हे सगळं इथं मांडतोय, कारण असला पेच आता आपल्याकडच्या बऱ्याच पोरापोरींपुढं यायला लागलाय.

आधी तारखांचं बघू. ऑक्टोबरच्या मध्याला बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर ट्रॅकची निवड चाचणी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तरेत रोड नॅशनल, त्यात पहिल्या दिवशी टीटी (टाइम ट्रायल, एकट्यानं घड्याळाविरुद्ध) आणि एक दिवस सोडून मोठी रोड रेस. रोड रेस संपल्यापासून बरोबर आठ दिवसांनी एमटीबीची राज्य निवड, आणि तिथनं पास झालं तर डिसेंबर संपता संपता एमटीबी नॅशनल. कागदावर बघितलं तर एकही तारीख दुसरीवर पडत नव्हती. त्यामुळं घरचे म्हणाले, काय अडचण आहे, सगळं होतंय की. आणि पोरगी पण म्हणाली, दादा, सगळं होतंय की.

आठ दिवस म्हणजे आठ दिवस नसतात हे तिथनं सुरू होतं. उत्तरेतनं मिरजेला रेल्वेनं यायला दीड दिवस धरा, त्यात सायकल बॅगेत भरलेली, ती बर्थच्या खाली मावत नाही म्हणून रात्रभर कुणीतरी जागं राहायचं, घरी आल्यावर एक दिवस झोप, एक दिवस सायकली जोडणं. उरले चार. त्यातला शेवटचा दिवस निवडीच्या ठिकाणी जाण्यात आणि कोर्स बघण्यात. म्हणजे रोडवरनं डोंगरावर यायला हातात खरे तीन दिवस, आणि त्या तीन दिवसात पायांनी विश्रांती पण घ्यायची आणि दगडधोंड्याची सवय पण परत लावायची, या दोन्ही गोष्टी एकमेकीच्या उलट्या आहेत.

मग एवढं सगळं करायचंच कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटंल. इथं आपल्याकडचं खरं कारण सांगायला पाहिजे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला मेडल लागतं, मेडलचं सर्टिफिकेट लागतं, ते सर्टिफिकेट पडताळणीत टिकावं लागतं. रेल्वे, आर्मी, पोलीस, सगळीकडं हाच विचार. आई-बापाच्या डोक्यात गणित साधं असतं: तीन प्रकारात उतरली तर मेडलचे चान्स तीन पट. त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही, द्राक्षाला एका अवकाळी पावसात वर्षाचा हिशोब उलटा झालेला त्यांनी बघितलेला असतो, पोरीला कायमची नोकरी लागावी हे त्यांना वाटणारच. पण गणित चुकतं ते इथं, की चान्स तीन पट होत नाहीत, तेच पाय तीन ठिकाणी वाटले जातात.

आणि चौथा प्रकार पण असतो जो कुठल्याच फेडरेशनच्या कॅलेंडरवर नसतो, तो म्हणजे यात्रेच्या आणि वाढदिवसाच्या रेसा. आपल्या जिल्ह्यात याचा नाद जुना आहे. गावच्या यात्रेला कुस्तीच्या मैदानाबरोबर सायकल स्पर्धा, डांबरी रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर, रोख बक्षीस, फेटा, ढाल. बऱ्याच पोरांच्या टायरचे, चेनचे, बुटांचे पैसे याच्यातनं निघतात. युरोपात पण टूर द फ्रान्स संपली की ऑगस्टमध्ये नेदरलँड्स-बेल्जियमच्या गावागावात क्रिटेरियम रेसा होतात, मोठे रायडर पैसे घेऊन तिथं उतरतात, त्यामुळं यात हलकं असं काही नाही. फक्त ती पण कॅलेंडरमध्ये धरायची रेस आहे हे कुणी धरत नाही.

आता शरीराचं. ट्रॅकवर तिची इव्हेंट इंडिव्हिज्युअल पर्स्युट, म्हणजे ठरलेलं अंतर एकटीनं कमीत कमी वेळात मारायचं. बायकांची ही रेस २०२५ पासून यूसीआयनं (सायकलिंगची जागतिक संघटना) ३ किलोमीटरवरनं ४ किलोमीटर केली, म्हणजे पुरुषांएवढीच. त्यामुळं जो प्रयत्न पूर्वी साधारण पावणेचार मिनिटांचा होता तो पाच मिनिटांच्या आसपास गेला आणि सगळी तयारीच बदलली. फिक्स गिअर, ब्रेक नाही, पाय मिनिटाला ११० च्या वर फिरत राहायला पाहिजेत, अंग एकदम स्थिर. एमटीबीच्या क्रॉसकंट्रीत बरोबर उलटं, रेस सव्वा-दीड तासाची, सुरुवातीलाच जीव तोडून स्प्रिंट, कारण पहिल्या अरुंद वाटेत जो आत घुसला तो पुढं, मग चढाला मिनिटाला ७० नं जोर लावायचा, उताराला पाय थांबलेले पण हात, खांदे, कंबर सगळं कामाला लागलेलं. रोडवर परत वेगळं, तीन तास बंचमध्ये, म्हणजे घोळक्यात, बसून राहायचं, वारा कुठनं येतोय ते बघायचं, आणि शेवटच्या दहा मिनिटात सगळं बाहेर काढायचं. दम तिन्हीला लागतो, पण एकाची तयारी दुसऱ्याला आपोआप पुरत नाही.

आमचे सर ट्रॅकवाले. त्यांनी आयुष्य त्यात घालवलंय, त्यांचं म्हणणं होतं पोरीला पर्स्युटमध्ये भविष्य आहे आणि रोड तर त्याच्या जोडीनं होतंच होतं. ते म्हणाले, ती अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर बघ, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ४ ऑगस्टला रोड रेसचं गोल्ड आणि ७ ऑगस्टला टीम पर्स्युटचं गोल्ड, तीन दिवसात दोन. उदाहरण खरं आहे आणि जबरदस्त आहे. पण मी सरांना म्हटलं, सर, रोड आणि ट्रॅक हे सख्खे भाऊ आहेत, दोन्हीकडं सायकलवर बसायची पद्धत जवळपास तीच, रस्ता गुळगुळीत, आणि तिला मधे दीड दिवस रेल्वेत बसायचं नव्हतं, सायकल जोडायला मेकॅनिक होता, पाय चोळायला माणूस होता. आपल्याकडं ट्रॅकचीच किती ओढाताण आहे बघा, २०२२ च्या गुजरातच्या नॅशनल गेम्सला तिथं व्हेलोड्रोम नव्हता म्हणून ट्रॅक सायकलिंग दिल्लीत घ्यावं लागलं. सांगलीच्या पोरीला सिमेंटच्या ट्रॅकवर प्रॅक्टिस करायची तर आधी पुणे गाठायचं, हे आठवड्यातनं किती वेळा जमणार.

माझ्या डोक्यात दुसरं उदाहरण होतं, आणि ते आमच्या केसच्या फार जवळचं होतं. २०२३ ला ग्लासगोला पहिल्यांदाच सायकलिंगच्या जवळपास सगळ्या प्रकारांची वर्ल्ड चॅम्पियनशिप एकत्र झाली. नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पोल ६ ऑगस्टला रोडची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकला, २७० किलोमीटर, पाऊस, मधे निदर्शनांमुळं रेस जवळपास तासभर थांबली, शेवटच्या टप्प्यात एकटा पुढं असताना वळणावर पडला, बूट फाटला, तरी दीड मिनिटानं जिंकला. आणि सहा दिवसांनी एमटीबीत उतरला तर पहिल्याच लॅपला पडून बाहेर. तिथं गोल्ड घेतलं इंग्लंडच्या टॉम पिडकॉकनं, जो त्या आठवड्यात रोड रेस खेळलाच नव्हता. आता एका उदाहरणावरनं नियम करायचा नाही, पडणं कुणाच्याही नशिबात असतं. पण त्याच व्हॅन डर पोलचं २०२१ चं बघा. टूर द फ्रान्समध्ये सहा दिवस सगळ्यात पुढं असणाऱ्याची यलो जर्सी अंगावर, मग टूर सोडून टोकियो ऑलिंपिकची एमटीबी. तिथं एका दगडावरनं खाली उतरायच्या जागी प्रॅक्टिसला लाकडी फळी लावलेली होती, रेसच्या दिवशी ती काढलेली होती. त्याला वाटलं फळी आहे. पहिल्याच लॅपला हँडलवरनं पुढं फेकला गेला, पुढं रेस सोडली, आणि पाठीचं दुखणं नंतरच्या हिवाळ्यापर्यंत पुरलं. त्या दिवशी पण गोल्ड पिडकॉकचंच, आणि त्याची दोन महिने आधी कॉलरबोन मोडलेली होती, पण तो त्या वर्षी टूरला गेलाच नव्हता, एकाच रेसची तयारी करत बसला होता.

मला या दोन प्रसंगात जे दिसतं ते असं, की एका प्रकारातनं दुसऱ्यात जाताना दम कमी पडत नाही, व्हॅन डर पोलचा दम कुणाला कमी पडणार आहे. कमी पडतात त्या बारक्या गोष्टी, कोर्सची शेवटची माहिती, टायरचा अंदाज, डोळ्यांना दगड वाचायची सवय. या गोष्टी तयार व्हायला दिवस लागतात आणि बदलाबदलीत नेमके तेच दिवस खाल्ले जातात.

पोरीला स्वतःला व्हॅन डर पोलपेक्षा फ्रान्सची पॉलिन फेराँ-प्रेव्हो आवडते. सप्टेंबर २०१४ ला रोडची वर्ल्ड चॅम्पियन, जानेवारी २०१५ ला सायक्लोक्रॉसची (हिवाळ्यातली चिखला-वाळूतली रेस), त्याच वर्षी सप्टेंबरला एमटीबीची, वर्ल्ड चॅम्पियनच्या तिन्ही रेनबो जर्सी एकाच वेळी एकीच्याच अंगावर, असं आधी कुणी केलं नव्हतं. पोरगी म्हणायची, दादा बघा, होतंय. मी म्हटलं, हो, झालं, आता पुढचं पण बघ. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकला तिला एमटीबी रेस अर्धी सोडावी लागली, मनानं खचली, नंतर पायाच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालं. ती परत उभी राहिली, पॅरिस २०२४ ला एमटीबीचं ऑलिंपिक गोल्ड घेतलं, पण कसं, तर त्या गोल्डला मधे ठेवून सगळं भोवतीनं लावलं. ते झाल्यावर एमटीबी बाजूला ठेवली, पूर्ण रोडवर आली आणि २०२५ ला पॅरिस-रूबे ही मोठी रोड रेस पण जिंकली आणि टूर द फ्रान्स फेम्स पण. म्हणजे सगळं केलं तिनं, पण एका वेळी एक मुख्य. हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मग माझं मुख्य कुठलं?

या प्रश्नावर आम्ही चौघं बसलो, ती, तिचे वडील म्हणजे आप्पा, सर आणि मी. सप्टेंबरात, गणपती झाल्यावर लगेच, बागेची ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आधी. हे मुद्दाम सांगतोय, कारण छाटणी झाली की पुढचे चाळीस-पन्नास दिवस त्या घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. दावण्या येतोय का, भुरी येतेय का, ढग आले की फवारणी, पहाटे ट्रॅक्टर सुरू, सगळं घर उठलेलं, पोरगी झोपणार कधी. नोव्हेंबरात कॅलेंडरवर बोलायला बसलं असतं तर भांडणंच झाली असती.

सरांनी ट्रॅक मांडला, मी एमटीबी मांडली. माझं कारण असं होतं, की मागच्या सीझनला तिच्या एमटीबीच्या रेसांचे लॅप टायमिंग माझ्याकडं होते, ताजी असताना ती शेवटच्या लॅपला पण पहिल्या लॅपच्या आसपास यायची, आणि लागोपाठ रेसा झाल्यावर तिसऱ्या लॅपपासून पडत जायची. म्हणजे ताकद आहे, फक्त ती तिथं ताजी पोचत नाही. दुसरं, दंडोबाचा डोंगर तिच्या घरापासून लांब नाही, तिथं चढ आहे, मुरमाचा उतार आहे, बाभळीचे काटे आहेत, रोज जाता येतं. ट्रॅकसाठी पुणे आणि एमटीबीसाठी दंडोबा, यात फरक आहे. आणि तिसरं रोडचं, आमच्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले की पहाटे रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, रस्त्यावर ऊस सांडलेला, वळणावर चिखल. नेमकं रोड नॅशनलच्या तयारीच्या वेळेला आपले रस्ते सगळ्यात धोक्याचे असतात. त्या दिवसात मी पोरींना पहाटे साडेपाचला तासगाव रोडला सोडत नाही, उजाडल्यावर मिरजेच्या बाजूला हायवेला जायचं नाहीतर घरात रोलरवर बसायचं.

आप्पा सगळं ऐकत होते. सरांनी त्यांना पटवायला म्हटलं, बागेत तुम्ही विरळणी करता की नाही, थोडे घड काढले तरच बाकीचे फुगतात. आप्पा म्हणाले, सर, विरळणी मला शिकवू नका, पण वेलीला घड डोळ्यापुढं दिसतात, बारका कुठला, चांगला कुठला. इथं तर मेडल कुठल्या फांदीला लागणार हे कुणालाच दिसत नाही, मग मी काय बघून काढू? याला आमच्याकडं उत्तर नव्हतं आणि मी खोटं उत्तर दिलं पण नाही. बेल्जियमच्या वाऊट व्हॅन आर्टनं २०२४ ला सायक्लोक्रॉसची वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडली, कशासाठी, तर फ्लँडर्स आणि रूबे या मोठ्या रोड रेसांसाठी. मार्चच्या शेवटी एका तयारीच्या रेसमध्ये पडला, कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फ्लँडर्स पण गेलं, रूबे पण गेलं. सोडलं म्हणजे मिळालंच असं नसतं, आप्पांना मी हेच सांगितलं. एवढंच म्हटलं, की पोरीचा गुडघा मागच्या दोन सीझनला डिसेंबरात दुखलाय, आणि आमच्यातल्या एक ताई तिला घेऊन डॉक्टरकडं गेल्या तेव्हा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही कमी निघालेलं. पाळी पण वेळेवर येत नव्हती, हे तिनं त्या ताईंनाच सांगितलं होतं, मला किंवा सरांना नाही, आणि ते बरोबरच होतं. खाणं कमी आणि काम जास्त झालं की असं होतं, याच्यावर आपल्याकडं पोरींशी कुणी बोलत नाही आणि सगळ्यात आधी तेच बघायला पाहिजे. आप्पांना मेडलच्या गणितापेक्षा हे जास्त लागलं.

शेवटी ठरलं ते असं. एमटीबी मुख्य. ट्रॅकची निवड चाचणी त्या सीझनला सोडायची, सरांनी मन मोठं केलं आणि ते स्वतःच म्हणाले. रोड नॅशनलला जायचं पण फक्त टीटी, मोठी रोड रेस नाही, त्यानं मधले आठ दिवस दहा होतात आणि बंचमध्ये पडायची भीती पण टळते. शिवाय टीटीचा एकट्यानं लावायचा जोर एमटीबीच्या चढाला उपयोगी पडतो. रोड रेसची जागा रिकामी होणार होती, ती राज्याच्या टीमला आधीच कळवली, आयत्या वेळेला नाही, त्यामुळं राखीव असलेल्या कोल्हापूरच्या एका पोरीला तयारीला वेळ मिळाला. आयत्या वेळेला पाय दुखतोय म्हणून माघार घेतली की टीम मोडते आणि दुसऱ्या पोरीचं नुकसान होतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

टीटीला ती पाचवी आली. वाईट नाही, मेडल नाही. गोवा एक्सप्रेसनं परत आली आणि तिथनं खरं काम सुरू झालं.

सायकल जोडताना मी तिथं होतो. प्रवासाला पॅक करताना रोडचा सीटपोस्ट काढलेला, आणि एमटीबी मधल्या काळात घरी तिच्या भावानं वापरलेली, सीट खाली केलेलं. ती नेहमी करते तसं तिनं उभं राहून कंबरेला लावून अंदाजानं वर केलं आणि ॲलन की फिरवायला लागली. म्हटलं थांब. टेप घेतला, क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) मधल्या बोल्टपासनं सीटच्या वरपर्यंत मोजलं, दीड सेंटिमीटर कमी. आता त्यात अजून एक गोष्ट, एमटीबीला दोन पेडलमधलं अंतर रोडपेक्षा दोनेक सेंटिमीटर जास्त असतं, पाय फाकून बसतो आपण, आणि तिच्या रोडला १७० मिलिमीटरचा क्रँक आणि एमटीबीला कंपनीनं दिलेला १७५ चा. आठवडाभर एका मापाला सवयीचा झालेला गुडघा दुसऱ्या दिवशी वेगळ्या मापाला चढाला जोर लावतो, आणि तो दुखला की आपण म्हणतो ओव्हरट्रेनिंग झालं. क्रँक तेवढ्या दिवसात बदलायचा नव्हता, नवीन माप रेसच्या तोंडावर कधीच द्यायचं नाही. सीट बरोबर केलं आणि सीटपोस्टला काळ्या इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारला, दोन्ही सायकलींना. आता कुणी पण काढू दे, वेढ्यापर्यंत आणलं की झालं.

दुसरी गोष्ट हवेची. रोडच्या टायरला ती ८० पीएसआयच्या आसपास भरते, एमटीबीच्या ट्युबलेसला २० ते २२, तिचं वजन ५२ किलो. रोडचा आठवडा झाला की एमटीबीचं टायर तिच्या हाताला बसलेलं वाटतं, ती न सांगता दोन-चार पंप जास्त मारते, आणि मग दंडोबाच्या मुरमावर पुढचं चाक उड्या मारतं, ग्रिप सुटते, आणि तिला वाटतं आपण उतार विसरलो. पहिल्या दिवशी तेच झालं. खाली आली ती रडवेली, म्हणाली दादा हात साथ देत नाहीत. गेज लावला तर २८. हवा काढली, परत वर पाठवली, तिसऱ्या उताराला तिच्या खांद्यातला ताण गेलेला लांबनं दिसत होता. सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, पण बघून घेतलं, आत वाळून गेलेलं होतं, आणि दंडोबाला बाभळीच्या काट्यापुढं कोरडं टायर दोन किलोमीटर पण टिकत नाही.

त्या दिवसात ट्रेनिंग असं काही फार नव्हतंच. एक दिवस नुसते पाय मोकळे करायचे, दोन दिवस उतार आणि वळणं, त्यात चढाला हळू, एक दिवस सुरुवातीची स्प्रिंट पाच-सहा वेळा आणि घरी. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून मला पाठवायची, नेहमीपेक्षा सात-आठ जास्त आली की त्या दिवशी सायकल नाही. एमटीबीला पॉवर मीटर (पायाचा जोर मोजायचं यंत्र) नाही तिच्याकडं, एकच आहे आणि तो रोडच्या सायकलला, त्यामुळं नाडी आणि तिचं स्वतःचं सांगणं एवढ्यावरच चालायचं.

आणि नेमकी मधल्या रविवारी पाहुण्यांच्या गावची यात्रा. पहिलं बक्षीस अकरा हजार. आयोजकात तिचे मामा, पोस्टरवर तिचा फोटो आधीच छापलेला. मामांचा फोन आला, आप्पा अडकले, पाहुणे दुखावणार. वीस किलोमीटरच तर आहे, अर्ध्या तासाचं काम, असं सगळ्यांचंच म्हणणं. पण तो अर्धा तास पूर्ण जोर लावलेला असतो, रस्त्यात माणसं, मोटरसायकली, कुत्री, आणि परत रोडची सायकल, परत तो ताठ रस्ता हाताला. मी काही बोलायच्या आधी तिनंच मामांना फोन लावला. म्हणाली, मामा, मी येते, ओवाळणीला येते, बक्षीस माझ्या हातनं द्या, पण रेस मारत नाही, माझी निवड आहे. मामा दोन दिवस रुसले होते. अकरा हजार गेले ते गेलेच, ती काही लहान रक्कम नाही त्या घरात, म्हणून मी स्पॉन्सरशी बोलून एमटीबीचे दोन टायर त्यांच्याकडनं घेतले. कुठली रेस सोडायला सांगताना तिच्यातनं मिळणाऱ्या पैशाची सोय कोण करणार हे पण प्लॅनिंग करणाऱ्यानंच बघायचं असतं, नुसतं सोड म्हणून होत नाही.

राज्य निवडीत ती पहिली आली. नॅशनलला चौथी, तिसरीपासनं अकरा सेकंद मागं.

त्या रेसचं एक सांगतो. एमटीबीत सुरुवातीच्या ओळी पॉइंट आणि आधीच्या निकालावर लागतात, त्यामुळं जो सगळ्या प्रकारात खेळतो त्याचे एकाच प्रकारात पॉइंट कमी आणि तो मागं उभा. ग्लासगोला यावरनंच वाद झालेला, यूसीआयनं रोडच्या मोठ्या नावांना पुढं घ्यायला नियम बदलला म्हणून एमटीबीवाले चिडले होते. आमची पोरगी तिसऱ्या ओळीत होती. पहिल्या अरुंद वाटेत ती चौदावी घुसली, तिथनं एकेकीला गाठत चौथीपर्यंत आली, आणि शेवटचा लॅप तिच्या सगळ्या लॅपमधला सगळ्यात फास्ट होता. मागच्या वर्षी याच टप्प्यावर ती पडत होती. गुडघा दुखला नाही. रेसनंतर पोटभर जेवली, हे ताईंनी मला मुद्दाम कळवलं.

आप्पांनी एकच विचारलं, चौथीला सर्टिफिकेट मिळतं का? मिळतं, भाग घेतल्याचं, मेडलचं नाही. त्यांचा चेहरा पडला आणि मला त्यांना दोष देता येत नाही. पण माझं मत आहे की निर्णय बरोबर होता, निकाल तिसरा असता तरी आणि आठवा असता तरी. ती अकरा सेकंद पहिल्या दोन मिनिटात गेली, मागच्या ओळीत उभं राहिल्यामुळं, आणि ती पुढच्या वर्षी परत मिळवता येतात, कारण आता तिचे एमटीबीचे पॉइंट वाढणार. तिन्ही ठिकाणी पळाली असती तर कदाचित ट्रॅकला टीममध्ये आली असती, कदाचित कुठंतरी ब्राँझ पण मिळालं असतं, ते मी नाकारत नाही. पण फेब्रुवारीत ती फिजिओच्या टेबलावर असती, मागच्या दोन वर्षांसारखी. सरांचं अजून पण म्हणणं आहे की ४ किलोमीटरच्या पर्स्युटला तिच्यासारखी पोरगी राज्यात नाही, आणि त्यांचं ते म्हणणं मला पण पटतं, लांब झालेली रेस तिच्या बाजूची आहे.

म्हणून पुढच्या सीझनचं कॅलेंडर आत्ता असं चाललंय: एमटीबी मुख्य, टीटी तिच्या मदतीला, आणि ट्रॅकची निवड चाचणी पेन्सिलनं. ऑगस्टपर्यंत तिचं फेरिटिन ठीक राहिलं आणि चाचणीची तारीख एमटीबीपासून महिनाभर लांब पडली तरच पेनानं लिहायची, आणि हे ठरवायला परत गणपतीनंतर चौघांनीच बसायचं. १७५ चा क्रँक काढून १७० चा टाकलाय, आत्ता ऑफ सीझनला, म्हणजे गुडघ्याला सवयीला वेळ आहे. आप्पांनी एक अट घातली, मामांच्या गावची रेस तेवढी दरवर्षी सुटायला नको. मामांनी स्वतःच कमिटीत बोलून ती पुढच्या वर्षी चैत्रातल्या यात्रेला घ्यायचं ठरवलंय, तेव्हा बागेतली द्राक्षं उतरलेली असतात आणि नॅशनल पण लांब असतं. कॅलेंडरमध्ये ती रेस आम्ही आत्ताच पेनानं लिहिलीय, टायरचे पैसे तिथनंच काढायचेत.